ऑस्टिनचं 'म्युनी': शंभर वर्षांचं सार्वजनिक गोल्फ मैदान वाचवायचं तर नेमकं काय वाचवायचं?

भटकभवानी

ऑस्टिनच्या मंडळींना लेक ऑस्टिन बुलेवार्डजवळचं, जुन्या ओक झाडांचं ते मोठं मैदान माहीत असेलच. कागदोपत्री नाव लायन्स म्युनिसिपल गोल्फ कोर्स, गावात सगळे 'म्युनी' म्हणतात. मुलगा शाळेच्या गोल्फ टीममध्ये गेल्यापासून माझी तिथे ये-जा वाढली. आधी गाडीत पुस्तक वाचत बसायचे, मग त्याच्या मागे चालायला लागले, आता स्वतःच वाईट गोल्फ खेळते. पण धागा खेळाबद्दल नाही. हे मैदान राहणार की जाणार, आणि राहिलंच तर कसं राहावं, यावर बोलायचंय.

आधी पूर्वपीठिका. १९१० साली सॅन अँटोनियोचे बँकर जॉर्ज ब्रॅकनरिज यांनी कोलोरॅडो नदीकाठची जवळपास ५०० एकर जमीन टेक्सास विद्यापीठाला दिली. विद्यापीठाने तिथे नवा कॅम्पस उभारावा, ही त्यांची इच्छा. (ही कोलोरॅडो टेक्सासमधलीच, ग्रँड कॅन्यनवाली वेगळी.) कॅम्पस काही हलला नाही. त्या जमिनीचा एक तुकडा लायन्स क्लबने भाड्याने घेऊन १९२४ मध्ये गोल्फ मैदान सुरू केलं, आणि १९३० च्या दशकात ते शहराने चालवायला घेतलं. थोडक्यात, मैदान शहराचं आणि जमीन विद्यापीठाची. सगळं दुखणं तिथेच आहे.

विस्तार १४१ एकर. दादरकरांसाठी सांगते, साधारण पाच शिवाजी पार्क मावतील.

आता ज्यासाठी हे मैदान इतिहासात गेलं ती गोष्ट. १९२८ च्या नगररचना आराखड्यात ऑस्टिनने ठरवून टाकलं होतं की कृष्णवर्णीयांच्या शाळा, बागा, सोयी शहराच्या पूर्व भागातच असतील. कायद्याने घर सोडा असं कुणी म्हटलं नाही, पण पश्चिमेला राहिलात तर मुलांना शाळा मिळणार नाही, अशी व्यवस्था. म्युनी पश्चिमेला. १९५० च्या अखेरीला दोन कृष्णवर्णीय मुलं सरळ मैदानात आली आणि खेळायला लागली. कर्मचाऱ्यांनी नगरपालिकेला फोन केला. महापौर टेलर ग्लास यांनी सहकाऱ्यांशी बोलून घेतलं (ऑस्टिनच्या कौन्सिलवर निवडून आलेल्या पहिल्या महिला एमा लाँग त्यांत होत्या) आणि निरोप गेला की खेळू द्या. ना खटला, ना पोलीस, ना वर्तमानपत्रात गाजावाजा. त्यानंतर ह्यूस्टन, डॅलस, सॅन अँटोनियोहून कृष्णवर्णीय खेळाडू इथे खेळायला येऊ लागले. मुष्टियोद्धा जो लुईसुद्धा येऊन खेळून गेला.

शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल १९५४ चा, मॉन्टगोमेरीचा (कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध केलेला) बस बहिष्कार १९५५ चा. म्युनीचं हे त्या दोन्हींच्या आधीचं. दक्षिणेकडच्या राज्यांत सर्वांना खुलं झालेलं पहिलं नगरपालिकेचं गोल्फ मैदान म्हणून म्युनीचं नाव घेतात. आणि गंमत बघा, याच शहरात बार्टन स्प्रिंग्जचा पोहण्याचा तलाव मात्र १९६२ पर्यंत सर्वांना खुला नव्हता. एकत्र चेंडू मारलेला चालत होता, एका पाण्यात उतरलेलं नाही.

लढा जुना आहे. जमीन परत घ्यायचं बोलणं १९७० च्या दशकापासून चालू आहे आणि 'सेव्ह म्युनी' ही चळवळही तेव्हापासूनची. १९८९ मध्ये तीस वर्षांचा करार झाला. २०११ मध्ये विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ठराव केला की मुदत संपली की करार वाढवायचा नाही. २०१६ मध्ये मैदान राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेलं. २०१७ मध्ये ते राज्याच्या उद्यान आणि वन्यजीव खात्याकडे सोपवावं असं विधेयक विधिमंडळात आलं, पण तडीस गेलं नाही. २०१९ मध्ये कराराची मुदत संपली, तेव्हापासून छोट्या छोट्या मुदतवाढींवर गाडा चाललाय.

आणि अशा टांगत्या तलवारीखाली मैदानावर मोठा खर्च करायला कोण धजावेल? पाइप जुने, पाण्याचा निचरा वाईट, काही ग्रीनवर (चेंडू घालायच्या खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गवतापेक्षा माती जास्त. दोनदा मास्टर्स ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकलेला बेन क्रेनशॉ याच गावचा. तो या लढ्यात पुढे आहे आणि नूतनीकरणाचं काम आपण करू असं जाहीरपणे सांगतोय. पण जमिनीचाच पत्ता नसताना आराखड्याचं काय करायचं!

माझं मत आधीच सांगून टाकते. नुसतं 'मैदान वाचवा' म्हणून भागत नाही. फी परवडणारी राहील, प्रवेश कुणालाही असेल आणि जमिनीचे तुकडे पडणार नाहीत, या तीन गोष्टी करारात लिहून घेतल्या तरच नूतनीकरणाला अर्थ आहे. नाहीतर मैदान चकाचक होईल आणि आत्ता खेळणारे बाहेर राहतील. तुमच्या गावांतले असले अनुभव लिहा. गोल्फच पाहिजे असं नाही.

---

चहाबाज

मराठी संस्थळावर गोल्फचा धागा! आता क्रोकेवरही येऊ द्या. चहा ठेवलाय, बसलोय. ह.घ्या.

---

खातेवही

लेख माहितीपूर्ण, पण विरोधी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो.

शहर विद्यापीठाला वर्षाला सुमारे ५ लाख डॉलर भाडं देतं असं वाचलंय. १४१ एकर, शहराच्या मध्यापासून हाकेच्या अंतरावर, नदीजवळ. बाजारभावाने किती येईल याचा अंदाज कुणीही करावा. हा फरक कोण भरतंय? विद्यापीठ, म्हणजे शेवटी विद्यार्थी. एका खेळासाठी, जो गावातले मोजके लोक खेळतात.

दुसरं, जमीन दान देणाऱ्याने विद्यापीठासाठी दिली होती, गोल्फसाठी नव्हे. दात्याच्या इच्छेचा मान राखायचा तर कुठली इच्छा?

तिसरं, राष्ट्रीय नोंदवहीत नाव आलं म्हणून पाडकाम थांबत नाही. ती नोंद हा सन्मान आहे, मनाई हुकूम नाही. मालकाने स्वतःच्या पैशाने उद्या बुलडोझर घातला तर नोंदवही काही करू शकत नाही.

इतिहासाबद्दल आदर आहेच. पण इतिहास जपायला फलक, छोटं संग्रहालय, दोन-तीन होल (पहिल्या फटक्यापासून चेंडूच्या खड्ड्यापर्यंतचा एकेक टप्पा) पुरत नाहीत का?

---

पीएचडीग्रस्त

खातेवही यांच्या पहिल्या मुद्द्याला +१, आणि मी त्यातला 'विद्यार्थी' आहे.

त्याच ब्रॅकनरिजच्या जमिनीवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांची घरं आहेत. मी तिथेच राहतो, शेजारी निम्मं जग राहतं. संध्याकाळी अंगणात पाच भाषांत मुलं रडतात. ऑस्टिनमध्ये घरभाड्याचं काय झालंय ते वेगळं सांगायला नको, शिष्यवृत्तीत बाहेर घर घेणं अशक्य. त्यामुळे 'घरं की गोल्फ' असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

पण त्या जमिनीचे जे आराखडे २००९ मध्ये सल्लागारांनी केले होते ते मी पाहिलेत. त्यात माझ्यासारख्यांसाठी स्वस्त खोल्या शोधायला भिंग लागतं. दुकानं, कार्यालयं, नदीकडे तोंड केलेली घरं. आणि त्यातच जीवशास्त्र विभागाच्या प्रयोगक्षेत्रावरही गदा. ते प्रयोगक्षेत्र ८० एकरांच्या आसपास आहे आणि तिथे वर्षानुवर्षं चाललेली मुंग्यांवरची संशोधनं आहेत. म्हणून गोल्फ गेलं की विद्यार्थ्यांचं भलं होईल, हे गणित मला पटत नाही. गोल्फ जाईल, आणि विद्यार्थीही जातील.

---

गंगाघाट

नाशिकचा अनुभव लिहितो. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे. रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणा, बरोबर आणून सोडेल. तिथे गोल्फ कुणी खेळत नाही. मैदानाचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रणजी सामने होतात, पहाटे अख्खं गाव गोल चालतं, निवडणुकीत सभा होतात. गोरे साहेब गेले, चेंडू गेला, नाव तेवढं राहिलं.

आणि सांगू का, आमचं काहीही बिघडलं नाही. जमीन मोकळी राहिली, हे महत्त्वाचं. खेळ बदलला तर बदलू दे की. म्युनीत गोल्फच का हवं? झाडं ठेवा, पायवाट काढा, पोरांना क्रिकेट खेळू द्या. ऑस्टिनमध्ये आपली पोरं आहेतच.

---

भटकभवानी

गंगाघाट, तुमचा प्रतिसाद आवडला. क्रिकेटवाले खरंच मैदान शोधत हिंडत असतात इथे.

पण एक अडचण आहे. मोकळी जमीन 'फक्त मोकळी' असली की ती लवकर जाते, असा माझा इथला अनुभव आहे. ज्या जागेवर रोज पहाटे लोक पैसे मोजून येतात, जिची नोंदवही भरते, तिच्यावर हात टाकताना मालक दोनदा विचार करतो. गोल्फमुळे त्या १४१ एकरांना राखणदार मिळालेत. शिवाय इथे जे घडलं ते खेळण्याच्या हक्काबद्दल होतं. खेळ काढून फक्त फलक ठेवला तर 'इथे पूर्वी सर्वांना खेळता येत असे' एवढंच वाचायला उरेल.

खातेवही, दात्याच्या इच्छेचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण याच विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाने हेमन स्वेट या अर्जदाराला केवळ वर्णावरून प्रवेश नाकारला होता आणि जून १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाला तो द्यायला लावला. म्हणजे न्यायालयात हरलेल्या त्याच मालकाच्या जमिनीवर, काही महिन्यांनी, शहराने न्यायालयाशिवाय दार उघडलं. एवढं सगळं एका जागेत साठलेलं असताना विद्यापीठालाच ते अभिमानाने मिरवता येईल, असं मला वाटतं.

पीएचडीग्रस्त, मुंग्यांबद्दल वेगळा धागा काढाच.

---

पीचट्री_पंत

अटलांटाहून लिहितोय. आमच्याकडचं प्रकरण इथे चपखल बसतं.

बॉबी जोन्स या नामवंत गोल्फपटूच्या नावाचं शहराचं गोल्फ मैदान आहे, १९३० च्या दशकातलं. १९५१ मध्ये डॉ. हॅमिल्टन होम्स, त्यांची मुलं आणि एक मित्र खेळायला गेले, त्यांना परत पाठवलं. होम्स कुटुंबाने खटला भरला. टप होम्स हा त्यातला मुलगा फार चांगला खेळाडू होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि अटलांटाची सार्वजनिक मैदानं सर्वांना खुली झाली. टपचा मुलगा, त्याचंही नाव हॅमिल्टन, १९६१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात शिरलेल्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक. एका घराने केवढं काम केलं बघा.

पुढे मैदानाची रया गेली. शहराच्या मधोमध, ओढ्याकाठी, पुराची जागा, फेअरवे (होलमधले गवताचे लांब पट्टे) एकमेकांना इतके चिकटलेले की शेजारच्या होलवरचा चेंडू डोक्यावरून जायचा. शेवटी २०१६ मध्ये जागा राज्याकडे गेली आणि एक सेवाभावी संस्था मैदान चालवू लागली. बॉब कप या आराखडाकाराने धाडसी निर्णय घेतला: १८ होलचे ९ करायचे. पण ते ९ दोन्ही दिशांनी खेळता येतात! एक दिवस सुलट, दुसऱ्या दिवशी उलट. दोन्ही खेळांना नावं वेगळी, एक अझेलिया, एक मॅग्नोलिया. ग्रीन अवाढव्य आहेत, कारण दोन बाजूंनी चेंडू येणार. वाचलेल्या जागेत मोठं सराव मैदान आणि पोरांसाठी छोटा कोर्स. नोव्हेंबर २०१८ मध्ये उघडलं.

सुरुवातीला जुनी मंडळी भयंकर चिडली. '१८ चे ९ म्हणजे निम्मं मैदान चोरलं' वगैरे. मलाही उलटसुलट प्रकार आधी सर्कस वाटला होता. आता सराव मैदानावर संध्याकाळी जागा मिळत नाही. हातात कधी काठी न धरलेले लोक तिथे बादलीभर चेंडू मारून घरी जातात. आणि कमाईचा मोठा भाग तिथूनच येतो. ज्याला पूर्ण खेळायला साडेचार तास नाहीत, त्याला आत येण्याचं निमित्त मिळालं.

म्युनीला हे जसंच्या तसं लागू करा असं म्हणत नाही. तिथे जागा भरपूर आहे, मूळ मांडणीलाच ऐतिहासिक मोल आहे. पण नूतनीकरण म्हणजे १९२४ सारखं हुबेहूब करणं, असा हट्ट धरू नये.

---

चहाबाज

उलट बाजूने खेळायचं गोल्फ! आमचं क्रिकेट गल्लीत असंच चालायचं, सकाळी ऊन इकडून, संध्याकाळी तिकडून. पंत, भारी माहिती.

---

डंडीकर

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजपासून नदीपल्याड राहतो, म्हणून चार ओळी.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध गोल्फ मैदान, ओल्ड कोर्स, कुठल्याही क्लबचं नाही. सार्वजनिक आहे. रविवारी तिथे गोल्फ बंद असतं आणि लोक कुत्री घेऊन फेअरवेवर फिरतात, पोरं बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांत, लोळतात. खास स्पर्धा सोडल्या तर हा नियम कायम आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं वाटलं नाही.

पण हे आपोआप झालेलं नाही. १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ती जमीन विकून टाकली. घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळले, मांस आणि कातड्यासाठी. गोल्फवाले आणि ससेवाले यांची वर्षानुवर्षं कज्जेदलाली. १८२१ मध्ये जेम्स चीप या शेजारच्या जमीनदाराने जागा घेतली आणि गोल्फ वाचलं. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती गावाकडे परत आली. १९७४ मध्ये नगरपालिकाच बरखास्त होणार होती, तेव्हा पुन्हा कायदा करून लिंक्स ट्रस्ट स्थापन केला. आज सगळी मैदानं तो ट्रस्ट चालवतो. गावातल्या रहिवाशाला वर्षाचं तिकीट अगदी कमी पैशांत आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्याकडून एका फेरीचे भरपूर पैसे. रोज सोडत निघते, त्यात नाव आलं तर खेळा, मग तुम्ही सुतार असा की बँकर.

खातेवहींच्या 'फरक कोण भरतो' या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकतं. पाहुण्याने भरावा.

---

दादरची_सुमन

डंडीकर, ससेवाले भारीच.

मुंबईचं सांगते, कारण आमच्याकडे ताजी जखम आहे. महालक्ष्मी रेसकोर्स. १८८३ पासूनचं, २११ एकर. भाडेकरार २०१३ मध्ये संपला आणि मग दहा-अकरा वर्षं नुसत्या चर्चा. कुणी म्हणे उद्यान, कुणी म्हणे आणखी काही. २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर महापालिकेला, ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे. महापालिकेच्या भागावर सागरी किनारा रस्त्याची मोकळी जागा जोडून मोठं सेंट्रल पार्क करायचं म्हणतायत. खाली वाहनतळ वगैरेही.

इथे लोकांना एक गोष्ट माहीत नसते. घोडे धावत नसतात तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी रेसकोर्सवर सामान्य माणसं चालायला जातात. वरळी, ताडदेव, सातरस्ता, सगळीकडची. माझे वडील जायचे. तेव्हा ते 'श्रीमंतांचं' असलं तरी सकाळी आमचं होतं. त्यामुळे उद्यान म्हटल्यावर मी नाचायला हवं, पण माझ्या पोटात गोळा येतो. मुंबईत उद्यान म्हटलं की कारंजी, काँक्रीटचे रस्ते, सेल्फी पॉइंट, आणि एका कोपऱ्यात हळूच काहीतरी बांधकाम. आहे तसं गवत ठेवायचं कुणालाच सुचत नाही.

उलट उदाहरण ओव्हल मैदानाचं. २२ एकर. १९९० च्या दशकात त्याची पार दुर्दशा होती. ओव्हल-कूपरेज भागातल्या रहिवाशांनी पाठपुरावा केला, न्यायालयात गेले, देखभाल हातात घेतली, कुंपण घातलं, गवत आणलं. कुंपणावरून तेव्हा वाद झाला होता, आणि तो रास्तच होता, मोकळ्या मैदानाला दार लावायचं म्हणजे काय! पण दार दिवसा उघडं राहिलं, क्रिकेट खेळायला येणारी पोरं येतच राहिली. २०१८ मध्ये तो सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. म्हणून भटकभवानीताई, तुमच्या तीन अटींत चौथी घाला: जमिनीच्या वर किंवा खाली कायमचं बांधकाम नाही. खाली हा शब्द विसरू नका.

---

जुनाट

विषय निघालाच आहे तर दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा गोल्फपटू पापवा सेवगोलम आठवायलाच हवा. भारतीय वंशाचा, गरीब, कॅडी (खेळाडूंच्या बॅगा उचलणारा) म्हणून सुरुवात केली. दोन्ही हात उलटे धरून, म्हणजे डावा हात खाली, खेळायचा. शिकवायला कुणी नव्हतं, स्वतःच बसवलेली पकड. १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन जिंकली (सण नव्हे, नाताळ हा तिथला प्रांत). गोऱ्या खेळाडूंना पावसामुळे क्लबहाऊसच्या आत बसवलं होतं, आणि विजेत्याला आत यायला बंदी म्हणून करंडक बाहेर पावसात दिला. ते छायाचित्र जगभर गेलं. १९६५ मध्ये त्याने तिथल्याच गॅरी प्लेयर या नामवंत गोऱ्या गोल्फपटूला हरवून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. पुढे त्याला स्पर्धांतच खेळू देईनात. डर्बनमध्ये रिझर्व्हॉयर हिल्स भागात त्याच्या नावाचं नगरपालिकेचं मैदान आहे.

आपल्याकडे अली शेर. दिल्लीत कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. आपल्या देशात गोल्फ खाजगी क्लबांत अडकलेलं, त्यामुळे आत शिरायची वाट बहुतेकांना दुसऱ्याची बॅग उचलूनच मिळते. दिल्लीत लाडो सरायला विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ मैदान आहे, पैसे भरून कुणालाही खेळता येतं, पण असली अपवादानेच. म्युनीसारख्या मैदानाची किंमत भारतात राहून जास्त कळते.

---

खातेवही

प्रतिसाद वाचतोय. तरी माझं टोचणं चालूच राहील.

जुनाट, कुतुबचं उदाहरण छान. पण पैसे भरून कुणालाही, यातलं 'पैसे भरून' महत्त्वाचं. सार्वजनिक मैदानं नूतनीकरणानंतर महाग होतात, हा सगळीकडचा क्रम आहे. कर्ज काढून काम केलं तर हप्ता कुठून निघणार? फीमधूनच. देणगीदारांनी केलं तर त्यांच्या नावाचा मंडप, त्यांच्या स्पर्धा, त्यांच्यासाठी राखीव सकाळ. ताई म्हणतात करारात लिहून घ्या. लिहून घेतलेलं कोण तपासणार, आणि मोडलं तर शिक्षा काय, ते पण लिहा मग.

आणि पाण्याचं काय? टेक्सासमध्ये उन्हाळ्यात घरच्या हिरवळीला पाणी द्यायचे वार ठरवून दिलेले असतात. १४१ एकरांना वेगळा न्याय?

---

भटकभवानी

पाण्याचा मुद्दा आला ते बरं झालं, कारण खरं नूतनीकरण जमिनीच्या खालीच असतं. वरचं हिरवंगार सगळ्यांना दिसतं, पाइप कुणाला दिसत नाहीत.

जुन्या सिंचनात एकाच झडपेवर सात-आठ फवारे. झाडाखालची सावलीतली जागा आणि उन्हातला फेअरवे, दोघांना सारखंच पाणी. एकीकडे चिखल, दुसरीकडे भेगा. नव्या पद्धतीत फवारा न् फवारा वेगळा चालतो. शिवाय मैदानाच्या प्रत्येक इंचाला पाणी द्यायची गरजच नसते. टी (पहिला फटका मारायची जागा), फेअरवे, ग्रीन एवढ्यांना द्यायचं, बाकीची जागा इथल्या देशी गवतांना आणि रानफुलांना सोडायची. बर्म्युडा गवत थोडं पिवळं पडलं तरी मरत नाही, पाऊस आला की उठतं. पिवळ्या गवतावर चेंडू जास्त घरंगळतो, खेळ उलट मजेचा होतो. फक्त टीव्हीवरचं मास्टर्स डोळ्यांसमोरून काढावं लागतं.

ग्रीनचं असं होतं की यंत्र फिरवणारा माणूस कडेला थोडं सोडून कापतो, दर वर्षी बोटभर, आणि काही दशकांत ग्रीन आक्रसून जातं. मग झेंडा लावायला दोन-तीनच जागा उरतात, सगळे तिथेच पाय देतात, माती दगड होते, मुळांना हवा मिळत नाही. मूळ कडा शोधून ग्रीन पुन्हा रुंद केलं तर निम्मं दुखणं जातं. याला फार पैसे लागत नाहीत, नजर आणि धीर लागतो. सोळावं होल इथे बेन होगन या जुन्या नामवंत गोल्फपटूच्या नावाने ओळखतात, तिथे तर मांडणीला हात लावायचं कारणच नाही.

झाडांबाबत मात्र मला खरी भीती वाटते. मध्य टेक्सासात ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग आहे. लाइव्ह ओकची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात, एका झाडाचा रोग मुळांवाटे शेजारच्याला जातो. ताज्या जखमेवर बसणारे कीटकही तो पसरवतात, म्हणून फेब्रुवारी ते जून इथे ओक छाटत नाहीत. नूतनीकरणात यंत्रं फिरणार, चर खणणार, मुळं तुटणार. कंत्राटदाराच्या वेळापत्रकाला हे पंचांग पाळायला लावणं हे मोठं काम असेल.

फीबद्दल: रहिवाशांची फी ठरवून द्यावी आणि ती वाढवायची तर जाहीर सुनावणीशिवाय वाढू नये, असं मला सुचतंय. डंडीकरांची पाहुण्यांची युक्ती मी ढापणार आहे. तपासणार कोण याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, तुम्हीच सुचवा.

---

डंडीकर

ढापा खुशाल. फक्त पाहुण्यांना राखीव वेळा किती टक्के द्यायच्या, ते आधीच ठरवा. आमच्याकडे उन्हाळ्यात गावकरी कुरकुर करतात ती यावरूनच.

---

पीएचडीग्रस्त

तपासणीसाठी एक सुचवतो. देखरेख समितीत शहराची माणसं, विद्यापीठाची माणसं आणि खेळणाऱ्यांचे प्रतिनिधी असतीलच. त्यात पूर्व ऑस्टिनच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या लोकांना जागा हवी. त्यांच्यातल्या अनेकांना घरभाडं आणि करांमुळे ते शहरच सोडावं लागलंय. मैदानाची गोष्ट त्यांच्या नावावर सांगायची आणि बैठकीत ते नाहीत, असं होऊ नये. तिथल्या शाळांतल्या मुलांना आणणारी बस हवी, कारण पूर्वेहून म्युनीला यायचं तर बसने बराच वेळ जातो आणि पाठीवर गोल्फची बॅग.

आणि विद्यार्थ्यांच्या घरांपासून मैदानाच्या कडेने नदीपर्यंत एक पायवाट. आम्ही बाबागाड्या घेऊन भर रस्त्याने जातो.

---

गंगाघाट

पायवाटेला +१. आठवड्यातून एक सकाळ चालणाऱ्यांसाठी, तीही रविवारच. एवढं मिळालं तर क्रिकेटचा हट्ट मी सोडतो.

---

खातेवही

पूर्व ऑस्टिनच्या प्रतिनिधींचा मुद्दा पटला. बसचाही. पण बसचे पैसे कुणाच्या खात्यातून, शहराच्या की विद्यापीठाच्या? भाडं बाजारभावापेक्षा कमी ठेवायचं तर शहराने बदल्यात काय द्यायचं, तेही मांडा. मला वाटतं शहराने विद्यापीठाला दुसरीकडे घरं बांधायला जास्त मजले द्यावेत. त्याने पीएचडीग्रस्तांसारख्यांनाही खोल्या मिळतील. याशिवाय नियामक मंडळ कुठल्याही अर्जाकडे ढुंकून पाहणार नाही.

---

भटकभवानी

खातेवही, मजल्यांची अदलाबदल हा मुद्दा मी पत्रात तुमच्या शब्दांत घालते, चालेल ना? कौन्सिलच्या सदस्याला आणि विद्यापीठाला, दोघांना एकच मसुदा पाठवायचा विचार आहे. इंग्रजी मसुदा होईल तेव्हा इथे दुवा देईन, ऑस्टिनकरांनी सही करायला या. सुमनताईंचं 'खाली' घातलंय, गंगाघाटांची रविवारची सकाळ घातलीय. पंत, अटलांटाच्या संस्थेचा राज्याशी झालेला करार कुठे वाचायला मिळेल का? सराव मैदानाचं उत्पन्न मुलांच्या कार्यक्रमाकडे कसं वळवलंय, ते कलम हवंय.

---

पीचट्री_पंत

बघतो. तिथल्या दुकानात बसणारे एक आजोबा सगळं जाणतात, शनिवारी गाठतो त्यांना.